फुगलेल्या कंडेन्सरची गोष्ट



छताचा पंखा हळू फिरायला लागला की आपण वायरमनला बोलावतो. तो छोटासा कंडेन्सर बदलतो आणि पंखा पुन्हा पळायला लागतो. तेवढ्यासाठी पंखा भंगारात कुणी घालत नाही. आजची गोष्ट त्याच जातीच्या, पण कॉम्प्युटरमधल्या कंडेन्सरची आहे. वीसहून जास्त वर्षांपूर्वी या एवढ्याशा वस्तूने जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले होते. आपल्याकडे तेव्हा एमएस-सीआयटीचे वर्ग नुकते सुरू झाले होते.

कॉम्प्युटरच्या डब्यात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर करंगळीच्या पेराएवढे गोल डबे उभे असतात. पुस्तकात त्यांना कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर. त्यांचं काम गावच्या पाण्याच्या टाकीसारखं. मोटर कधी चालू, कधी बंद. पण टाकी भरलेली असली की नळाला पाणी एकसारखं येतं. तशी कंडेन्सर वीज साठवतो आणि एकसारखी पुरवतो. तो बिघडला की कॉम्प्युटर मध्येच अडकतो, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, किंवा सुरूच होत नाही.

या डब्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि कागद यांची गुंडाळी असते. कागद एका द्रवात भिजवलेला असतो. कॉम्प्युटर वेगवान झाले, तसा या द्रवात पाण्याचा अंश वाढवला गेला, कारण त्यातून वीज सहज वाहते. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं. ते खाऊ नये म्हणून द्रवात आणखी काही रसायनं बरोबर प्रमाणात घालावी लागतात. तैवानच्या काही कारखान्यांच्या मालात नेमकं तेच चुकलं. आत हायड्रोजन वायू तयार झाला, डबे फुगले, डोक्यावर फुटले आणि तपकिरी चिकट द्रव बाहेर आला.

२००२ साली या धंद्यातल्या मासिकांत ही गोष्ट छापून आली. जपानी कंपनीतल्या द्रवाची कृती कुणीतरी नेली, पण अर्धवटच नेली, अशी बातमी तेव्हा गाजली. लोणच्याची कृती उतरवून घ्यावी आणि मीठ किती ते राहून जावं, तसंच हे. लोणचं पहिल्या दिवशी चांगलंच दिसतं. नासतं ते नंतर. हे कंडेन्सरही नवे असताना ठीक चालायचे आणि काही महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी फुगायचे.

कमी दर्जाचे कंडेन्सर मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गेले. अमेरिकेतल्या डेल कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेले निदान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर विकले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही फार अवघड गणितं करायला लावता, म्हणून मशीनवर ताण येतो! २०१० साली कोर्टातले कागद उघडे झाले आणि कंपनीला आतून काय ठाऊक होतं ते लोकांना कळलं. काही ठिकाणी बिघडलेला मदरबोर्ड काढून तसाच दुसरा सदोष मदरबोर्ड बसवला होता, हेही बाहेर आलं.

मैत्रिणींनो, ‘तुम्हीच नीट वापरलं नसेल’ हे वाक्य आपल्यालाही नवीन नाही. मिक्सर असो, शिलाई मशीन असो की मोबाईल, आधी बोट आपल्याकडे. इथे मात्र खरं कारण डोळ्यांना दिसत होतं. डबा उघडून पाहिलं, की फुगलेली डोकी समोरच.

म्हणूनच ठिकठिकाणच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी हे काम हाती घेतलं. सोल्डरिंगच्या इस्त्रीने जुना कंडेन्सर काढायचा आणि नवा बसवायचा. त्याचेही नियम आहेत. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त चालतो, कमी मुळीच नाही. १०५ अंश उष्णता सोसणारा आणि मदरबोर्डसाठी चालणाऱ्या प्रकारचाच घ्यायचा. अंगावर पट्टा असतो ती ऋण बाजू; उलटा बसवला तर फुटतो. काढताना घाई केली तर पाटीवरचं तांबं उचकटतं. नवा कंडेन्सर काही रुपयांचा, बाकी किंमत हाताच्या कसबाची. त्या कसबाने टाकून द्यायला निघालेले कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा चालू झाले.

तेव्हा गटाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि कुणी ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ म्हणालं, तर एवढं विचारा: कंडेन्सर पाहिलेत का? आम्हाला दाखवा. प्रत्येक बिघाड कंडेन्सरचाच असेल असं नाही, पण पाहायला पैसे पडत नाहीत. स्वतः पाहायचं असेल तर आधी वायर काढा, हात लावू नका, नुसतं डोळ्यांनी बघा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात झटका बसेल एवढी वीज साठून राहते.

आणि गावातल्या एखाद्या मुलीला हे काम शिकायची आवड असेल, तर तिला जरूर शिकू द्या.