हाताच्या कामाची रुजुवात

रुग्णाच्या हाती काम दिले असता त्याचे मन आणि शरीर दोन्ही सावरते, ही समजूत फार जुनी आहे. परंतु समजुतीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभावी तर तिची रुजुवात व्हावी लागते. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे मोजक्या मंडळींनी व्यवसायोपचाराची राष्ट्रीय संस्था स्थापिली, तेव्हा विणकाम, सुतारकाम, बुरूडकाम हीच या विद्येची साधने होती. आणि हा उपचार की नुसता विरंगुळा, हा आक्षेप पुढे दीर्घकाळ तिच्या पाठीस लागला.

ही विद्या आपल्याकडे आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकरांचे. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी फिलाडेल्फियास रीतसर शिक्षण घेऊन १९५० साली मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेल्या रुग्णालयातच ते असल्यामुळे वर्गातील सिद्धान्त आणि वॉर्डातील अनुभव विद्यार्थ्यास एकाच आवारात लाभले. पुढे दोनच वर्षांत जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या संस्थापक सभासद-देशांत भारताची गणना झाली.

आक्षेपाचे निरसन मात्र व्हावयाचे होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून विसाव्या शतकाच्या अखेरीस पुराव्याधिष्ठित वैद्यकाचा विचार पुढे आला. उत्तम संशोधन, चिकित्सकाचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा या तिहींच्या संगतीने निर्णय करावा, हे त्याचे सार. त्याच सुमारास सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यापकांनी लॉस एंजेलिसमधील ३६१ वृद्धांचे तीन गट पाडले: एकास व्यवसायोपचार दिला, दुसऱ्यास केवळ समूहात मन रमविण्याची साधने दिली आणि तिसऱ्यास काहीच दिले नाही. नऊ महिन्यांनंतर पहिल्या गटाचे स्वास्थ्य सरस आढळले, तर केवळ मन रमविलेले वृद्ध तिसऱ्या गटाहून वेगळे ठरले नाहीत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने विरंगुळ्याच्या आक्षेपास सप्रमाण उत्तर मिळाले.

असा दाखला एकट्या उपचारकास मिळविता येत नाही, कारण तुलनेची रीत आणि गणिताचे साहाय्य विद्यापीठापाशी असते. आणि विद्यापीठासही तो एकट्याने मिळत नाही, कारण लुळ्या पडलेल्या हाताने सदऱ्याची गुंडी लावू पाहणारा माणूस कोठे अडतो, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाच कळते. म्हणून नव्या व्यवसायोपचारतज्ज्ञास शोधनिबंध पारखण्याची तालीम द्यावयाची, तर ती त्या रुग्णाच्या खाटेशेजारीच दिली पाहिजे. परळच्या त्या विद्यालयाने जागा निवडली होती ती हीच.