भूल दिल्यानंतर आणि चिरा देण्यापूर्वी भूलतज्ज्ञ काय तपासतात?

ऑपरेशन ठरले की आपण सर्जनची चौकशी करतो. भूलतज्ज्ञांची भेट मात्र पाच-दहा मिनिटांपुरतीच होते. त्यामुळे ‘भूलतज्ज्ञ इंजेक्शन देतात आणि त्यांचे काम संपते’ असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात ते ऑपरेशन संपेपर्यंत रुग्णाजवळच असतात. भुलेचे औषध प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या प्रकारे वागते. त्यामुळे रुग्णाचे शरीर कसा प्रतिसाद देत आहे हे पाहून मात्रा क्षणोक्षणी कमी-जास्त करावी लागते.

भूल म्हणजे झोप नव्हे

झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. पूर्ण भुलेत (जनरल अ‍ॅनेस्थेशिया) तसे होत नाही. तिच्यात शुद्ध जाते, वेदनेला शरीर फारसा प्रतिसाद देत नाही आणि गरजेनुसार स्नायूही सैल केले जातात. मात्र याच औषधांनी श्वास मंदावतो किंवा थांबतो, रक्तदाब उतरतो आणि खोकून घसा मोकळा करण्याची शक्तीही जाते. ही कामे तेवढा वेळ भूलतज्ज्ञांना सांभाळावी लागतात.

आधीची तपासणी

प्रतिसाद कसा असेल याचा अंदाज ऑपरेशनच्या आधीच बांधला जातो. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, चालू औषधे, अ‍ॅलर्जी, पूर्वीची ऑपरेशने यांची माहिती घेतात. ‘दोन जिने चढल्यावर दम लागतो का?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण हृदय आणि फुप्फुसे किती ताण सोसतील ते त्यातून कळते. तोंड मोठे उघडायला आणि मान मागे करायला सांगतात, कारण श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाईल की अवघड हे त्यावरून ठरते. हलणारा दात किंवा कवळी असेल तर त्याचीही नोंद होते.

उपाशी राहण्याचे कारणही भुलेशीच जोडलेले आहे. बेशुद्ध अवस्थेत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर ते जिवावर बेतू शकते. सर्वसाधारण नियम असा: हलके जेवण ६ तास आधीपर्यंत, तेलकट-जड जेवण ८ तास आधीपर्यंत आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात धरला जात नाही; त्याला ६ तासांचाच नियम लागतो. तुमच्या बाबतीतली नेमकी वेळ मात्र तुमचे डॉक्टरच सांगतील.

पहिली काही मिनिटे

थिएटरमध्ये आधी छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. भुलेआधीचे आकडे हाती असले की नंतरचा फरक ओळखता येतो.

मग साधारण ३ मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. ही पायरी वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. साधी हवा घेणाऱ्या निरोगी माणसाचा श्वास थांबला तर एक-दोन मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन घसरू लागतो. फुप्फुसे आधी ऑक्सिजनने भरलेली असतील तर निरोगी प्रौढात काही मिनिटांची जादा सवड मिळते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि स्थूल व्यक्तींमध्ये ही सवड कमी असते.

त्यानंतर शिरेतून औषध जाते. रुग्णाचे बोलणे थांबते. हाक मारली तर तो ओ देत नाही. पापणीच्या केसांना हलका स्पर्श केला तरी पापणी हलत नाही. शुद्ध गेल्याची ही खूण आजही पाहिली जाते.

गरज असेल तर श्वासनलिकेत नळी घालतात. ती चुकून अन्ननलिकेत गेली तर काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून नळी बसवताच कॅप्नोग्राफचा पडदा पाहतात. हे यंत्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजते. प्रत्येक श्वासागणिक लाट उमटत राहिली तर नळी योग्य जागी आहे. लाट नसेल तर ती तशी नाही असेच धरून पुढचे पाऊल उचलायचे असते. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा हा धोका उशिरा दाखवतो. नखांवरचे गडद नेलपॉलिश आणि थंड पडलेली बोटे यांनीही तो चुकू शकतो. गडद त्वचेत तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो.

भूल पुरेशी आहे का?

ईथरच्या काळात डोळ्यांची हालचाल, बाहुल्या आणि श्वासाची लय पाहून भुलेची खोली ठरवत. अमेरिकन डॉक्टर आर्थर गेडेल यांनी तिचे चार टप्पे मांडले होते. आजची औषधे इतक्या वेगाने काम करतात की हे टप्पे सहसा वेगळे दिसत नाहीत.

आता तीन गोष्टी एकत्र पाहतात. पहिली, शरीराच्या खुणा: नाडी आणि रक्तदाब एकदम वाढणे, घाम, डोळ्यांत पाणी. दुसरी, भुलेच्या वायूचे उच्छ्वासातले प्रमाण. तिसरी, काही ठिकाणी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या विद्युत लहरी मोजणारे यंत्र. बीआयएस या यंत्राचा आकडा ० ते १०० असतो आणि पूर्ण भुलेत तो साधारण ४० ते ६० दरम्यान ठेवतात.

स्नायू सैल करणारे औषध दिले असेल तर जास्त सावध राहावे लागते. अर्धवट शुद्ध आली तरी रुग्ण हात हलवून सांगू शकत नाही. ऑपरेशनदरम्यान जाग येणे दुर्मीळ आहे. ब्रिटन व आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, रुग्णांनी स्वतःहून सांगितलेल्या घटना साधारण १९,००० भुलांमागे १ अशा होत्या. पण ज्याच्या वाट्याला हा अनुभव येतो त्याच्या मनावर त्याचा परिणाम दीर्घकाळ राहू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी. पल्स ऑक्सिमीटर लावलेला असून चालू आहे ना, हा प्रश्न पहिल्याच थांब्यावर विचारला जातो.

वेगळा प्रतिसाद

काहींमध्ये आनुवंशिक दोषामुळे भुलेचे ठरावीक वायू किंवा सक्सामेथोनियम हे औषध मिळताच स्नायूंमध्ये प्रचंड उष्णता तयार होऊ लागते (मॅलिग्नंट हायपरथर्मिया). कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइड वाढत जाणे, नाडी धावणे आणि स्नायू ताठरणे या सुरुवातीच्या खुणा. ताप अनेकदा नंतर चढतो. ते औषध तातडीने थांबवून डॅन्ट्रोलीन देतात. घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, हा प्रश्न यासाठीच विचारतात.

तुम्ही काय सांगावे?

- काही खाल्ले-प्यायले असेल तर, ‘अर्धा कप चहाच होता’ असे वाटले तरी सांगा. ऑपरेशन पुढे ढकलणे परवडते.
- तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू यांची सवय लपवू नका. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोला.
- आयुर्वेदिक काढे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वजन किंवा साखर कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शने यांची नावे सांगा. यातली काही इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात.
- पूर्वीच्या ऑपरेशनची कागदपत्रे सोबत न्या.
- शुद्धीवर आल्यानंतर ऑपरेशनमधले काही आठवले तर ‘भास असेल’ म्हणून गप्प बसू नका, भूलतज्ज्ञांना सांगा.

पडद्यावरचे आकडे या क्षणी शरीरात काय चालले आहे ते दाखवतात. तुमच्या शरीराचा आधीचा इतिहास मात्र तुम्ही सांगितला तरच भूलतज्ज्ञांना कळतो.