'खाखा' : एका घरगुती शब्दाची कथा



भूक आणि खाखा या दोहोंत आपली भाषा एक बारीक भेद करते. "मला भूक लागली" असें आपण स्वतःविषयीं सांगतों. "त्याला खाखा सुटली आहे" हें वाक्य मात्र बहुधा दुसऱ्याविषयींच ऐकूं येतें. हा शब्द सभेंत किंवा गंभीर ग्रंथांत फारसा आढळत नाहीं. जेवण होऊन तास उलटतो न उलटतो तोंच फळीवरच्या डब्यांचीं झांकणें वाजूं लागलीं, कीं माजघरांतून तो उमटतो.

शब्दाची घडण सोपी आहे. 'खा' या आज्ञार्थी रूपाची ही द्विरुक्ति. जणूं पोटांतून कोणी दोनदां हुकूम सोडतो. तो ज्या क्रियापदाशीं जोडला जातो, तें अधिक बोलकें आहे. भूक लागते, तहान लागते, झोंप लागते. या देहाच्या रास्त गरजा. उलट घाम सुटतो, खाज सुटते, कापरें सुटतें. येथें देहाचा लगाम माणसाच्या हातीं राहत नाहीं. खाखा या दुसऱ्या पंक्तींत बसते. 'चटक' लागते ती एखाद्या ठराविक पदार्थाची. खाखेला पदार्थ ठरलेला नसतो. आमच्या हिंगोलीकडे म्हणाल तर मुरमुरे, फुटाणे, भाजलेल्या शेंगा, फोडणीची सुशीला, कांहींही चालतें. यांतील शेंगदाणा आणि फोडणींतली मिरची हीं दोन्हीं पोर्तुगीज आल्यानंतर अमेरिकेहून आपल्याकडे आलीं. इच्छा जुनी, पदार्थ नवे.

आतां याच इच्छेचें दुसरें नांव पाहा. गर्भवतीला खाखा सुटत नाहीं, तिला डोहाळे लागतात. डोहाळा हा संस्कृत 'दोहद' शब्दाचा वंशज. सुश्रुतसंहितेनें चौथ्या महिन्यांतील गर्भिणीला दोन हृदयांची, म्हणजे दौहृदिनी, म्हटलें असून तिची इच्छा मोडूं नये असें बजावलें आहे. म्हणून आपल्याकडे डोहाळजेवण होतें, आणि सासूबाई स्वतः विचारतात, "सूनबाई, काय खावेंसें वाटतें?" तीच सून दोन वर्षांनीं दुपारीं मूठभर मुरमुरे तोंडांत टाकतांना दिसली, कीं तिला 'खाखा सुटली' म्हणून बोल लागे. पुरुषांची पंगत उठल्यावर, उरलेंसुरलें घेऊन ती जेवलेली असे. तिची ती मूठ हाव नव्हती, भूक होती. इच्छा बदलली नव्हती. ती बोलून दाखविण्याचा हक्क तेवढा गेला होता.

या शब्दाला आणखी एक मर्यादा आहे. भरल्या कणगीच्या घरींच तो शोभतो. १९७२ च्या दुष्काळांत, आमचा हिंगोली भाग परभणी जिल्ह्यांत होता तेव्हां, खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसें उन्हांत राबत होतीं. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वांटली जाणारी सुकडी, यांवर घरें तगलीं. आमची पिढी तेव्हां शाळकरी वयांत होती. दुष्काळांत सुकडीसाठीं पुढें आलेल्या ओंजळीला खाखा म्हणण्याचें धाडस कोण करील? त्याच काळांत महाराष्ट्रांत रोजगार हमीची योजना आली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. हाताला काम मागण्याचा हक्क म्हणजे, मुळाशीं जाऊन पाहिलें तर, भुकेला भूक म्हणण्याचाच हक्क होय.

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. बाळ नामदेवानें विठ्ठलापुढें नैवेद्य ठेवून "देवा, खा" असा हट्ट धरल्याची कथा घरोघरीं ठाऊक आहे. आपल्या पंगतींतही यजमान "खा, खा" म्हणूनच आग्रह करतो. अक्षरें तींच दोन. पाहुण्याला म्हटलीं कीं तीं प्रेम होतात, घरच्या माणसाविषयीं म्हटलीं कीं टोमणा. तेव्हां दुपारीं डब्याचें झांकण वाजलें, तर हा शब्द ओठांवर आणण्यापूर्वीं त्या माणसाचें ताट केव्हां आणि किती भरलें होतें, एवढें आठवून पाहावें.