पत्राचें नांव आणि पत्राचें ब्रीद

मूल जन्मास आलें म्हणजे त्याचें नांव आत्या ठेविते. वृत्तपत्राचें नांव मात्र त्याचा जनकच ठेवितो, आणि त्या दोन-चार अक्षरांत आपला सारा संकल्प सांठवितो. मुलाला पुढें नांवाप्रमाणें वागण्याची सक्ति नसते. एकाद्या शांताबाई तापट निघाल्या म्हणून त्यांना कोणी जाब विचारीत नाहीं. पत्राला हा जाब दर अंकास द्यावा लागतो. समाज बदलण्याचें ब्रीद नांवांतच बांधून निघालेल्या चार मराठी पत्रांनीं हा जाब कसा दिला, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

पहिलें नांव अर्थातच ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनीं तें ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत काढलें, तेव्हां त्यांचें वय अवघें विशीच्या घरांत होतें. एका स्तंभांत मराठी आणि शेजारीं इंग्रजी अशी त्याची मांडणी होती. पश्चिमेकडील विद्या आपल्या लोकांस कळावी, आणि लोकहिताच्या प्रश्नांची मोकळेपणानें चर्चा व्हावी, हा त्याचा उद्देश. दोन भाषांची ही जोडी त्या उद्देशास साजेशीच होती : देशी वाचकाला बाहेरचें जग दिसावें, आणि राज्यकर्त्याला देशी माणसाचें मन दिसावें. १८४० सालीं ‘दर्पण’ बंद पडलें. पण छापील कागदावर समाजाला विचार करावयास लावतां येतें, हें तें दाखवून गेलें. तथापि आरशाचा एक स्वभाव विसरून चालणार नाहीं. जो समोर येऊन उभा राहील त्याचेंच रूप आरसा दाखवितो. ज्यांना अक्षरओळखच नव्हती असे असंख्य लोक त्या आरशासमोर कधीं आलेच नाहींत.

त्या लोकांकडे तोंड वळवून निघालेलें पत्र म्हणजे ‘दीनबंधु’. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळींतील कृष्णराव भालेकर यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यास हें पत्र सुरू केलें. पुढें १८८० सालीं तें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातीं आलें. बंधु म्हणविणें सोपें असतें, बंधुत्व निभावणें कठीण. लोखंड्यांनीं तें गिरणीच्या दारांत जाऊन निभावलें. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आठवड्याच्या सुटीची मागणी पुढें मांडली, आणि १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारीं सकाळीं निवांतपणें चहा घेत जे वर्तमानपत्र चाळतात, त्यांनीं ह्या संपादकाचें स्मरण अवश्य करावें.

तिसरें नांव अधिक धीट आहे. गोपाळ गणेश आगरकरांनीं १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं ‘सुधारक’ काढलें. त्यापूर्वीं ते ‘केसरी’चे संपादक होते, परंतु सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशीं मतभेद झाले आणि त्यांनीं निराळी वाट धरली. आरंभीं ह्या पत्राची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. ज्या काळीं ‘सुधारक’ हा शब्द घरोघरीं शिवीसारखा वापरला जाई, त्या काळीं आगरकरांनीं तोच शब्द मुद्दाम मथळ्यावर चढविला. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांविषयीं त्यांनीं वाचकाला रुचेल तें न लिहितां स्वतःस पटलें तेंच लिहिलें. ह्याची किंमतहि त्यांनीं दिली. पुण्यांत लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. १८९५ सालीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच, ते वारले.

परंतु ह्या तिन्ही पत्रांच्या पलीकडे एक प्रश्न उरलाच होता. ज्यांचीं दुःखें इतरांनीं सांगावयाचीं, त्यांनीं स्वतः केव्हां बोलावयाचें? ३१ जानेवारी १९२० रोजीं बाबासाहेब आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ सुरू करून त्याचें उत्तर दिलें. राजर्षि शाहू महाराजांनीं त्यास आर्थिक साहाय्य केलें. पहिल्याच अग्रलेखांत बाबासाहेबांनीं हिंदु समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. कांहीं ब्राह्मणेतर व उदार पत्रें अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा देतात, हें त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. मात्र इतक्या मोठ्या समाजाच्या प्रश्नांना दुसऱ्यांच्या पत्रांतली जागा पुरणार नाहीं, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. हें पत्र फार वर्षें चाललें नाहीं. तरीहि ३ एप्रिल १९२७ रोजीं, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहास दोन आठवडे होतात न होतात तोंच, त्यांनीं ‘बहिष्कृत भारत’ काढलें, आणि १९३० सालीं ‘जनता’ निघालें. १९५६ सालीं त्याचेंच नांव ‘प्रबुद्ध भारत’ झालें. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध : ह्या चार शब्दांत एका समाजाचा छत्तीस वर्षांचा प्रवास उमटलेला आहे.

आतां चारहि ब्रीदें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. ‘दर्पण’ लोकांना दाखवूं पाहतें, ‘दीनबंधु’ लोकांच्या बाजूनें उभें राहतें, ‘सुधारक’ लोकांना दोष दाखवितें, आणि ‘मूकनायक’मध्यें जो आजवर गप्प होता तोच बोलूं लागतो. ह्यांपैकीं एकहि काम दुसऱ्यानें भागत नाहीं. ब्रीद खरें कीं खोटें, हें मथळ्यावरील अक्षरांच्या वळणावरून ठरत नाहीं. त्यासाठीं संपादकानें काय सोसलें आणि पत्रांत कोणाला बोलूं दिलें, हें पाहावें लागतें.

ह्या कसोटींतून ध्वनिक्षेपकाचीहि सुटका नाहीं. बहुजनांचें हित आणि बहुजनांचें सुख हें आकाशवाणीचें ब्रीद आहे. ज्यानें तें उच्चारलें, त्यानें बोलतांना एक कान नेहमीं उघडा ठेवावा : ह्या यंत्रापुढें येऊन बसण्याची ज्याची पाळी अजून आलेली नाहीं, तो कोण?