जिवंत खाद्यातील जिवाणूनियंत्रण

मत्स्यबीज उत्पादन केंद्रांत मासे व कोळंबी यांच्या डिंभांना आर्टेमिया, रोटिफर असे सूक्ष्म सजीव खाद्य म्हणून देतात. या खाद्यावाटे रोगकारक जिवाणू डिंभांपर्यंत पोहोचू नयेत यासाठी योजलेल्या उपायांना जिवंत खाद्यातील जिवाणूनियंत्रण म्हणतात.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे सावित्री नदीच्या खोऱ्यातील तालुके आहेत. अशा अंतर्भागातील तळ्यांत गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) वाढवता येते. परंतु तिच्या डिंभांच्या वाढीस सुमारे १२ ते १६ सहस्रांश क्षारतेचे मचूळ पाणी लागते. त्यामुळे संवर्धकास बीजासाठी उत्पादन केंद्रावर अवलंबून राहावे लागते. तेथे डिंभांचे प्रमुख खाद्य आर्टेमिया असते.

आर्टेमियाची सुप्त अंडी खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत उबतात. कवच फुटताना बाहेर पडणाऱ्या ग्लिसरॉलवर व्हिब्रिओ जिवाणू झपाट्याने वाढतात. संसर्ग बळावल्यास टाकीतील संपूर्ण बीज नष्ट होऊ शकते.

उपाय म्हणून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात अंड्यांचे बाह्यकवच विरघळवतात. त्यावरील जिवाणूही त्यात मरतात. उरलेले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करतात. तथापि उबवणीच्या पाण्यात जिवाणू पुन्हा वाढू शकत असल्याने आर्टेमिया बारीक जाळीवर स्वच्छ पाण्याने धुऊनच देणे आवश्यक असते. प्रतिजैविकांच्या सततच्या वापराने प्रतिरोधक जिवाणू निर्माण होतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या मत्स्यसंवर्धनातील वापरास भारतात बंदी आहे.