निर्वासितांचें ताट

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा, ताम्रपट आणि दफ्तरांतील रुमाल यांपलीकडे आपली दृष्टि सहसा जात नाहीं. वर्गांत इतिहास शिकवितांना मीही आजवर हेंच सांगत आलों. परंतु स्वयंपाकघर हेंही एक दफ्तरच असतें, आणि ज्या समाजास कागद लिहावयास सवड मिळाली नाहीं त्याच्या बाबतींत तें फार मोलाचें ठरतें, ही गोष्ट मला पटली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यांत, खानावळीच्या बांकावर बसून.

मार्च महिन्यांत ह्यूस्टन शहरीं धाकट्या भावाकडे माझा मुक्काम होता. त्याची मुलगी तेथेंच जन्मली व तेथेंच शिकली. तिला मराठी समजतें. बोलण्याची वेळ आली म्हणजे मात्र 'काका' एवढा एक शब्द सोडून बाकी सारें ती इंग्रजींत बोलते. "काकांना पदार्थसंग्रहालयें पुष्कळ दाखवून झालीं, आतां त्यांना खावयास नेऊं," असें तिनें जाहीर केलें, आणि तिच्या मोटारींतून आम्ही पूर्वेस निघालों. सुमारें साडेतीनशें किलोमीटरवर लाफायेट नांवाचें शहर आहे. त्याच्या आसमंतांतील बावीस परगण्यांस १९७१ सालीं तेथील विधिमंडळानें 'अकेडियाना' असें नांव दिलें. या टापूंत राहणाऱ्या फ्रेंच वंशाच्या लोकांस 'केजन' म्हणतात. 'अकादियँ' या मूळ फ्रेंच शब्दाचें हें झिजलेलें रूप होय. तो शब्द इतका कां झिजला, हें कळण्यास ईशान्येस तीन हजार किलोमीटर दूर, कॅनडाच्या किनाऱ्यावर जावें लागतें.

फ्रेंच लोक त्या किनाऱ्यावर १६०४ सालीं उतरले व पुढल्या वर्षीं त्यांनीं पोर्ट रॉयल वसविलें. आज ज्यास नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या प्रदेशास ते अकादी म्हणत. समुद्राच्या भरतीचें पाणी बांध घालून अडवावें, खारवट जमिनींतील मीठ पावसानें धुऊन जाऊं द्यावें आणि तींत गहूं पिकवावा, ही विद्या त्यांनीं उत्तम साधली होती. गोव्यांतील खाजणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें चित्र सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. गव्हाची भाकरी, कोबी, सलगम, डुकराचें मांस आणि मासे हा त्यांचा आहार. १७१३ च्या यूट्रेक्टच्या तहानें हा प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला. नव्या राजाशीं एकनिष्ठ राहण्याची बिनशर्त शपथ घ्यावयास ही मंडळी तयार नव्हती. फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरण्याची पाळी आपणांवर येऊं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. शेवटीं १७५५ सालीं चार्ल्स लॉरेन्स या अधिकाऱ्यानें हद्दपारीचा निर्णय घेतला. ५ सप्टेंबर रोजीं ग्राँ-प्रे येथील चर्चमध्यें दहा वर्षांवरील सर्व पुरुषांना बोलावण्यांत आलें. ४१८ जण जमले. त्यांची जमीन, घरें व गुरें जप्त झाल्याचा हुकूम तेथें वाचून दाखविण्यांत आला. १७६३ पर्यंत दहा हजारांच्या आसपास माणसें गलबतांत भरून देशोधडीस लावलीं गेलीं. कोणी मॅसॅच्युसेट्समध्यें, कोणी जॉर्जियांत, कोणी इंग्लंडांत, कोणी फ्रान्समध्यें जाऊन पडला. रोगराईनें व गलबतें बुडून मेले ते वेगळेच.

यांपैकीं सुमारें दोनशें माणसें १७६५ सालीं जोसेफ ब्रूसार या पुढाऱ्याबरोबर लुइझियानांत पोंचलीं. फ्रेंचांचा मुलुख म्हणून ज्याच्या आशेनें ती आलीं तो तीन वर्षांपूर्वींच गुप्त तहानें स्पेनच्या राजास देऊन झाला होता! तरीही त्यांना तेथें थारा मिळाला. पुढें १७८५ सालीं फ्रान्समधून सात जहाजें भरून सुमारें १६०० माणसें आलीं. या दोन तारखांच्या मधें व मागेंपुढें लहानमोठ्या टोळ्या येतच होत्या.

आतां ताटाकडे वळूं. खानावळींच्या दारांवर 'वाडवडिलांपासून चालत आलेला स्वयंपाक' अशा अर्थाच्या पाट्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. परंतु वाडवडिलांच्या अकादींतलें या ताटांत काय उरलें आहे, असें विचारलें तर उत्तर देणें कठीण पडतें. लुइझियानाच्या दमट उष्ण हवेंत गहूं नीट येईना. तेव्हां गव्हाची जागा मक्यानें घेतली, आणि मग भातानें. आमचा पहिला थांबा क्राउली या गांवीं झाला. दोहों बाजूंस पाण्यानें भरलेलीं खाचरें पाहून मला क्षणभर रायगड जिल्ह्यांत आल्याचा भास झाला. रेल्वे आली आणि १८८० नंतर मध्य-पश्चिमेकडील शेतकऱ्यांनीं यंत्रें आणलीं, तेव्हां येथें भाताचा मोठा व्यापार सुरू झाला. त्याआधीं केजन शेतकरी सखल जागीं बीं फेंकून पावसाची वाट पाहत, आणि येईल त्या पिकास 'देवाच्या कृपेचें भात' म्हणत.

स्कॉट या गांवीं आम्ही बूदँ खाल्लें, आणि तेंही पेट्रोलपंपाच्या दुकानांत. कारण तेथें तें मिळतेंच अशा जागीं. डुकराचें मांस, काळीज, कांद्याची पात व शिजलेला भात एकत्र कालवून आंतड्याच्या नळींत भरतात व उकडतात. नळीचें टोंक दांतांत धरून आंतील ऐवज ओढून घ्यावयाचा असतो. गोव्याचें चोरीस मला ठाऊक होतें, परंतु त्यांत भात नसतो व सिरका असतो. या पदार्थामागची चाल मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शीतपेट्या नव्हत्या त्या काळीं एका घरचें डुक्कर मारलें म्हणजे शेजारची दहा घरें कामास येत. मांस टिकण्यासारखें नसल्यामुळें तें वांटून टाकीत, व पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या घरची पाळी येई. यास 'बूशरी' म्हणत. मार्दी ग्राच्या दिवशीं घोड्यांवर बसून, सोंगें घेऊन, घरोघर कोंबडी व तांदूळ मागत हिंडावयाचें आणि रात्रीं साऱ्या गांवानें मिळून त्याचा रस्सा करावयाचा, ही प्रथा मामू व युनिस या गांवांकडे अजून पाळली जाते. शिमग्याचें पोस्त मागणारीं कोंकणांतील सोंगें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

या रश्श्याचें नांव 'गंबो'. एका लहानशा खानावळीच्या स्वयंपाकिणीनें आमची उत्सुकता पाहून आम्हांला आंत बोलाविलें. जाड बुडाच्या लोखंडी भांड्यांत तेल व मैदा घालून ती मंद आंचेवर हलवीत होती. पाऊण तास झाला तरी तिचा हात थांबेना. पांढरा मैदा पिंवळा, मग तांबूस, मग चॉकलेटसारखा काळपट झाला. हात थांबला कीं तळाशीं करपतें व सारें फुकट जातें. यास फ्रेंचांत 'रू' म्हणतात. नंतर कांदा, सेलरी व ढोबळी मिरची त्यांत पडली. फ्रान्समध्यें या तिहींत ढोबळ्या मिरचीऐवजीं गाजर असतें. पुतणीनें कांहीं वेळ पळी हातीं घेतली. "लाडवाचें बेसन असेंच भाजावें लागतें," असें मी सहज म्हणालों.

गंबोचा एकेक घटक वेगळा काढून पाहिला तर एक लहानसा इतिहासग्रंथच हातीं येतो. रू फ्रेंचांची. सॉसेजांत किनाऱ्यावरील जर्मन वसाहतवाल्यांचा हात. रस्सा दाट करण्यासाठीं वरून जी हिरवट पूड घालतात ती ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची. ती चॉक्टॉ या मूळ रहिवाशांनीं शिकविली. आणि खुद्द 'गंबो' हा शब्द? मध्य आफ्रिकेच्या बांटू भाषांत भेंडीस 'किंगोंबो' म्हणतात, त्याचा तो अपभ्रंश असल्याचें बहुतेक विद्वान् मानतात. आपल्या मंडईंतील भेंडी तेथें गुलामांच्या जहाजांबरोबर पोंचली. भातशेतीची विद्याही बव्हंशीं त्याच लोकांनीं तेथें नेली.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जे अकादियन स्वतः घरादारास मुकून आले, त्यांतील कित्येकांच्या घरीं एकदोन पिढ्यांतच गुलाम राबूं लागले. ज्यांच्या हातचा स्वयंपाक त्यांनीं उचलला त्यांचें नांव पाटीवर नाहीं. पाटीवर नांव केजनांचें आहे. दुःख भोगल्यानें मनुष्य दुसऱ्याचें दुःख ओळखूं लागतोच असें नाहीं, हा धडा इतिहासांत इतक्या वेळां येतो कीं शिकवितांना आपण तो घाईनें उरकतों. भेंडीच्या त्या फोडींनीं मला तो पुन्हा सावकाश वाचावयास लाविला.

तिसरा थांबा ब्रो ब्रिज येथें. 'क्रॉफिश' म्हणजे कोळंबीएवढा, परंतु खेंकड्यासारख्या नांग्या असलेला, गोड्या पाण्यांतील व चिखलांतील जीव. एके काळीं तो गरिबांचें अन्न समजला जाई. याच गांवास १९५९ सालीं विधिमंडळानें 'जगांतील क्रॉफिशची राजधानी' असें बिरुद दिलें, आणि पुढल्या वर्षीं तेथें उत्सव सुरू झाला. भात कापल्यावर त्याच खाचरांत पाणी सोडून आतां हा जीव वाढवितात. तिखट मसाल्यांत उकडलेला ढीग टेबलावर कागद पसरून ओततात. शेंपटीचें मांस सोलून काढावें व डोकें चोखावें, हें कोंकणी माणसास कोणी शिकविण्याची गरज नाहीं. पुतणीपेक्षां माझा ढीग आधीं संपला.

या स्वयंपाकाचा जगभर बोलबाला झाला तो पॉल प्रुडोम या आचाऱ्यामुळें. ओपेलूसास गांवाजवळच्या शेतकरी कुटुंबांत १९४० सालीं जन्मलेला हा तेराव्वा मुलगा. १९७९ सालीं त्यानें न्यू ऑर्लीन्समध्यें 'के-पॉल्स' ही खानावळ काढली. मासा लोण्यांत बुडवून, मसाल्यांत घोळवून, तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यावर काळा होईपर्यंत भाजण्याची त्याची युक्ति इतकी गाजली कीं आखातांतील त्या 'रेडफिश' माशाचा नायनाट होऊं नये म्हणून सरकारला मासेमारीवर बंधनें घालावीं लागलीं. प्रुडोम २०१५ सालीं वारला आणि त्याची खानावळ २०२० सालीं बंद झाली. गंमत अशी कीं आज परदेशांत 'केजन' म्हणून जो काळा मासा वाढतात तो कोणाही केजन आजीनें केला नव्हता. तो एका केजन आचाऱ्यानें शहरांत शोधून काढला. परंतु मला तें वावगें वाटत नाहीं. अकादींत पिकणारा गहूं सोडून भात शिजविणाऱ्या पहिल्या बाईनें तरी दुसरें काय केलें होतें?

पदार्थ असे वाढले, पसरले. भाषेचें मात्र उलट झालें. लुइझियानांत १९१६ सालीं शिक्षण सक्तीचें झालें आणि १९२१ च्या राज्यघटनेनें शाळांतून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेस मज्जाव केला. मैदानावर फ्रेंच बोललेल्या मुलांना शिक्षा म्हणून त्याच त्या ओळी शेंकडों वेळां लिहाव्या लागत. तीं मुलें मोठीं झालीं आणि आपल्या लेंकरांना ही नामुष्की नको म्हणून त्यांच्याशीं इंग्रजींतच बोलूं लागलीं. बंदी शाळेनें घातली, परंतु ती पाळली घरानें. १९६८ सालीं फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठीं सरकारी मंडळ निघालें, पुढें फ्रेंचमधून शिकविणारे वर्गही निघाले. परंतु मध्यंतरीं दोन पिढ्या निसटल्या होत्या. बूदँच्या दुकानांत एक वृद्ध गृहस्थ शेजारीं उभे होते. आजी त्यांच्याशीं फ्रेंचमध्यें बोले, असें ते म्हणाले. आतां काय आठवतें, असें विचारतां त्यांनीं पदार्थांचीं नांवें भराभर सांगितलीं. मग थांबले, आणि "बाकीचें गेलें" एवढेंच बोलले.

शेवटचा मुक्काम सेंट मार्टिनव्हिलचा. लाँगफेलोच्या १८४७ सालच्या 'इव्हांजेलिन' काव्यामुळें हें गांव प्रसिद्धीस आलें, जरी कवीनें अकादीही पाहिली नव्हती आणि लुइझियानाही. तेथील स्मारकाच्या भिंतीवर आश्रयास आलेल्या माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत. २००३ सालीं ब्रिटनच्या राणीच्या नांवें एक जाहीरनामा निघून हद्दपारीच्या अन्यायाची कबुली देण्यांत आली व २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. कबुलीस अडीचशें वर्षें लागलीं. भिंतीवरील आडनांवें वाचतां वाचतां पुतणी म्हणाली कीं यांतील निम्मीं नांवें तिनें गेल्या तीन दिवसांत खानावळींच्या पाट्यांवर पाहिलीं आहेत.

परततांना अंधार पडला होता. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग एकदम तिनें विचारलें, "काका, तुम्ही त्या बाईच्या स्वयंपाकघरांत 'भाजणें' म्हणालां, 'भाजणी' त्यावरूनच आली का?" तिच्या घरीं दर वर्षीं पुण्याहून थालिपिठाच्या भाजणीची पिशवी येते. तो शब्द तिला लहानपणापासून ठाऊक होता, परंतु पिशवींतल्या पिठाचें नांव म्हणून. त्यांत एक क्रियापद दडलें आहे हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. मी होय म्हणालों, आणि मग धान्यें कोणतीं, तीं वेगवेगळीं कां भाजावयाचीं, 'भाजणें', 'तळणें' व 'परतणें' यांत भेद काय, हें सांगत गेलों. ती मधूनमधून शब्द उच्चारून पाहत होती. 'परतणें' म्हणजे घरीं येणेंही, हें कळल्यावर ती हंसली.

ह्यूस्टन येईपर्यंत आमचें बोलणें मराठींतच चाललें होतें. तें किती दिवस तसें राहील हें मी सांगूं शकत नाहीं. भावाकडे पोंचल्यावर त्यास मात्र एवढें सांगितलें, कीं पुढच्या खेपेस पुण्याहून तयार भाजणी मागवूं नको. धान्यें आण, आणि ती भाजतांना मुलीस जवळ उभी कर.