प्रिंटरची खुली विद्या

दाखला असो, सातबाराचा उतारा असो की सहामाहीची प्रश्नपत्रिका असो, शेवटी सारे येऊन अडते ते एका खोक्यापाशी, म्हणजे प्रिंटरपाशी. कागद असतो, शाई असते, वीजही असते. आणि तरी यंत्र काही हलत नाही. मग एखादा जाणकार येतो, जरा खटपट करतो आणि सांगतो, "याचा ड्रायव्हर मिळत नाही." हा ड्रायव्हर म्हणजे कोण, तो मिळत का नाही, आणि तो सर्वांना मिळावा म्हणून कोणी काय केले, ही हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे. इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. पण यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्यातही हक्काचे झगडे असतात.

आधी यंत्राचे काम कसे चालते ते पाहू. संगणक एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. एका कंपनीच्या प्रिंटरची भाषा दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरला कळेलच असे नाही. या दोघांच्या मध्ये जो दुभाषी बसतो, तोच ड्रायव्हर. शिवाय रांग सांभाळावी लागते ती वेगळीच. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे ओळीने मांडलेले तुम्ही पाहिले आहेत. ज्याचा डबा पुढे, त्याचे दळण आधी. आणि एकाचे पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये, ही काळजी गिरणीवाल्याची. प्रिंटरकडे चारचौघांची कामे एकदम आली, की असाच एक गिरणीवाला लागतो. तो माणूस नसतो, संगणकातली एक आज्ञावली असते.

आता अमेरिकेत जाऊ. साल सुमारे १९८०. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. प्रिंटर एका मजल्यावर आणि माणसे दुसऱ्या मजल्यावर, अशी तिथली व्यवस्था. कागद अडकला तरी कोणाला पत्ता नसे. तासाभराने जाऊन पाहावे तर काम तसेच पडलेले! स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत एक सोपी सोय केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. कोणी तरी उठायचा आणि कागद सोडवायचा.

पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकत असे. पण त्याच्या आज्ञावलीचा मूळ लेख, ज्याला संगणकवाले सोर्स कोड म्हणतात, तो कंपनीने दिलाच नाही. दिले ते फक्त यंत्राला कळणारे रूप. तो लेख कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका गृहस्थाकडे असल्याचे कळताच स्टॉलमनने तिथे जाऊन तो मागितला. गृहस्थ म्हणाले, देता येत नाही. कोणाला न दाखवण्याचे वचन मी लिहून दिले आहे.

गोष्ट तशी किरकोळ. पण तिच्यातला प्रश्न किरकोळ नव्हता. यंत्र आपल्या घरात, बिघाड आपल्याला ठाऊक, दुरुस्तीही आपल्याला येते. आणि तरी हात लावायची मुभा नाही! मग ते यंत्र आपले कसे? पुढे जे घडले ते एकट्या प्रिंटरमुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रयोगशाळेतली मंडळीही एकेक करून कंपन्यांकडे चालली होती. पण हा अनुभव स्टॉलमनच्या मनात राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू या मुक्त आज्ञावली प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये संस्था काढली आणि १९८९ मध्ये एक परवाना लिहिला. त्याचा मथितार्थ असा : ही आज्ञावली वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदलून वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या. गावविहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, पण तिला कोणी कुलूप घालू नये, तसाच हा प्रकार.

तुम्ही विचाराल, मग प्रिंटरचे काय झाले? तिथे कामे रांगेत लावण्याची जुनी पद्धत होती ती कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची. ती ओळीमागून ओळ छापणाऱ्या यंत्रांसाठी होती. दोन्ही बाजूंनी छापा, रंगीत छापा, अमुक खणातला कागद घ्या, असल्या गोष्टी तिला धड सांगता येत नसत. दरम्यान १९८८ मध्ये पीटर डॉइच यांनी घोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली पुढे आणली. पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा न कळणाऱ्या स्वस्त प्रिंटरलाही तिच्यामुळे त्या भाषेतली पाने छापता येऊ लागली. दुभाषी मिळाला होता. चांगला गिरणीवाला मात्र अजून हवा होता.

तो मायकेल स्वीट यांनी दिला. आपल्या लहानशा कंपनीत १९९७ मध्ये त्यांनी काम सुरू केले आणि १९९९ मध्ये 'कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम' लोकांपुढे ठेवली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला कप्स म्हणतात. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल हा नवा, सर्वांसाठी खुला असलेला संकेत त्यांनी पायाला घेतला. आज्ञावली परवान्यानिशी खुली ठेवली आणि तिच्यावर आधारलेले वेगळे उत्पादन विकून कंपनी चालवली. २००२ मध्ये अ‍ॅपलने आपल्या संगणकांत कप्स घेतली, आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेऊन स्वीट यांनाही नोकरीस ठेवले.

इथे या इतिहासाची खरी परीक्षा होती. मालक बदलला, आता विहिरीला कुलूप लागणार काय? लागले नाही. जे एकदा खुल्या परवान्याने दिले, ते परत घेता येत नव्हते, आणि अ‍ॅपलनेही ती खुलीच ठेवली. २०१९ च्या अखेरीस स्वीट यांनी अ‍ॅपल सोडली. काम थंडावले. तेव्हा २०२० मध्ये ओपनप्रिंटिंग या गटाने, टिल काम्पेटर आणि स्वतः स्वीट यांच्या पुढाकाराने, तोच लेख उचलून काम पुढे चालू केले. कोणाची मनधरणी करावी लागली नाही. १९८० साली एका माणसाला जे नाकारले गेले, ते चाळीस वर्षांनी कोणालाही घेता आले.

याचा तुमच्या शाळेला उपयोग काय, तेही सांगतो. लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांत कप्स असतेच. ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग दोन टिंबांचे चिन्ह आणि ६३१ हा आकडा, हे सारे इंग्रजीत लिहिले, की तिचे पान उघडते. तिथे प्रिंटर जोडता येतो, रांग पाहता येते, अडलेले काम काढून टाकता येते. एका संगणकाला जोडलेला प्रिंटर शाळेतल्या बाकीच्यांनाही वापरू देता येतो. २०१३ नंतरच्या अनेक प्रिंटरना तर निराळा ड्रायव्हरही लागत नाही. मला काय काय येते, ते यंत्र स्वतःच संगणकाला सांगते.

पण खुले म्हणजे निर्दोष, असे मात्र समजू नका. काही प्रिंटरना अजूनही कंपनीचाच बंद भाग लागतो. म्हणून घेण्याआधी चौकशी करावी. २०२४ मध्ये याच छपाई व्यवस्थेत परक्याला संगणकात शिरता येईल अशा गंभीर चुका सापडल्या. लेख उघडा असल्याने त्या बाहेरच्या माणसाला वाचून शोधता आल्या आणि दुरुस्तही झाल्या. तेव्हा आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे, हे काम आपल्याकडेच राहते.

शाळेच्या कपाटावर एखादा जुना प्रिंटर धूळ खात पडला असेल. नव्या संगणकाला त्याची भाषा कळत नाही, एवढाच त्याचा दोष असू शकेल. तो भंगारात घालण्याआधी लिनक्सच्या संगणकाला एकदा जोडून पाहा. आणि जोडताना वरच्या वर्गातली दोन मुले शेजारी बसवा. रांग कशी लागते, दुभाषी काय करतो, हे त्यांनाही दिसू द्या.